साडेचार किलोची अट

२२ फेब्रुवारी

ताई,

फोन तू उचलत नाहीस. भाऊजींना केला तर ते "हां हां, सांगतो हं तिला" म्हणतात आणि मागून तुझाच आवाज येतो, "मी बाहेर गेलेय म्हणून सांगा." म्हणून हा कागद. फोन कापता येतो, पण बंद पाकीट न फोडता ठेवणं तुला जन्मात जमलेलं नाही. माझ्या निकालाची पाकिटंसुद्धा आईच्या आधी तूच फोडायचीस.

तर बातमी अशी, की काल मुंगीला दीड महिन्याची लस टोचली. मुंगी हे नाव आईने ठेवलंय, कारण ती हळू चावते पण चावते. सुई लागल्यावर तिने आकाशपाताळ एक केलं. वजन तीन किलो सातशे. आरोग्य केंद्रातल्या सिस्टर म्हणाल्या, छान चाललंय.

म्हणजे तुझी अट अजून शाबूत आहे आणि मीही. दवाखान्याच्या जिन्यात तू जे बोललीस ते शब्दन् शब्द पाठ आहे मला. "अडीच महिन्यांच्या लशीला पोरगी साडेचार किलो भरली नाही, तर ती आमच्याकडे येईल. आधी ठरलं होतं तशी." एवढं बोलून तू खाली उतरलीस आणि भाऊजी बिचारे माझ्याकडे बघत उलटे उलटे उतरले.

ठरलं होतं, नाही म्हणत नाही. ती पोटात होती तेव्हा मी हो म्हटलं होतं. तुमच्याकडे पाळणा, वेगळी खोली आणि इतक्या वर्षांची वाट बघणं. माझ्याकडे शाळेची शेवटची परीक्षा, आणि नंबर बदलून गायब झालेल्या माणसाची एक टोपी. हो म्हणायला काय लागतं? मग ती झाली, कोणीतरी तिला माझ्या छातीवर ठेवलं आणि ती शोधायला लागली. डोळे मिटलेले, तोंड इकडून तिकडे. मला शोधत होती, ताई. तुला नाही. हे लिहून मला बरं वाटलेलं नाही, पण खोडतही नाही.

दुधाचं म्हणशील तर भरपूर आहे. आई रोज ऐकवते, की आपल्या घरात बायकांना दूधच येत नाही, आपल्या दोघींच्या वेळी तिलाही आलं नव्हतं. तर मी अपवाद आहे, एवढं कळव भाऊजींना.

तुझी धाकटी

२७ फेब्रुवारी

ताई,

पार्सल पोचलं. दूध-पावडरचे सहा डबे, आत एक ओळही नाही. पत्ता भाऊजींच्या अक्षरात. मला वाटलं होतं निदान एखादं झबलं असेल.

डबे पलंगाखाली ढकललेत. आईला सांगितलं, ताईने जुनी पुस्तकं पाठवलीत. तिला इतका आनंद झाला की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तू उंटावरून शेळ्या हाकणार, म्हणून इथलं सांगते. आई उजाडताच हॉटेलच्या लाँड्रीत जाते आणि चादरींना इस्त्री करून दुपारी येते. तोवर मी आणि मुंगी. खिडकीसमोर आता सायकल दुरुस्तीचं दुकान झालंय. ट्यूबमधली हवा फस्सकन् सुटली की मुंगी दचकते आणि तोंडातून सोडते. मग परत लावायचं. परत लावताना काय होतं ते तुला सांगणार नाही. तू म्हणशील, सोड मग.

परवा तोंडी परीक्षा होती. शाळेचा पांढरा शर्ट कसाबसा बसला. पहिलं उत्तर मी धडाधड दिलं. दुसरा प्रश्न आला आणि बाहेर, साफसफाईच्या बाईंचं नातवंड रडायला लागलं. ताई, तुला हे ठाऊक नसेल, मलाही नव्हतं. बाळ कुणाचंही रडो, आपलं दूध उतरतं. त्याला काय कळतंय कोणाचं कोण! दोन मिनिटांत शर्टावर दोन गोल डाग. मागून एक मुलगा म्हणाला, "अगं, तुझी पाण्याची बाटली सांडली का?" अख्खा वर्ग फिदीफिदी हसला. बाईसुद्धा खाली मान घालून हसल्या. मी वही छातीशी धरली आणि उरलेली उत्तरं तशीच दिली, म्हणजे दिलीच नाहीत.

घरी येऊन मी रडले नाही. उपाय शोधला. तो इतका साधा आहे की आधी सुचला कसा नाही कोण जाणे.

धाकटी

४ मार्च

ताई,

घाईत लिहितेय. पहिला पेपर झाला, मस्त गेला. शर्ट शेवटपर्यंत खडखडीत कोरडा. बाटलीवाला माझ्याकडे बघत बसला आणि त्याचाच अर्धा पेपर राहिला, बरं झालं.

मुंगी फार गुणी झालीय. रडत नाही, झोपते. पाजायला घेतलं तरी झोपते. लंगोटही हल्ली कमी लागतात, त्यामुळे धुणं वाचतं आणि अभ्यास होतो. शेजारच्या काकू म्हणतात, अशी शहाणी पोर नशिबाने मिळते.

दूध भरपूर आहे. हे मागेही लिहिलं होतं वाटतं.

धाकटी

९ मार्च

ताई,

हे वाचून तू गाडीत बसशील, हे माहीत असून लिहितेय. आई तुला फोन करणारच आहे. तिच्या तोंडून ऐकण्याआधी माझ्याकडून ऐक. अक्षर वाकडं आहे, कारण अंगात ताप आहे.

उपाय म्हणजे आईची गुडघ्याला बांधायची लांब पट्टी. ती छातीभोवती गच्च गुंडाळायची, वर शर्ट. श्वास अर्धाच घेता येतो, पण थेंब बाहेर येत नाही. पहिल्या पेपरला बांधली. घरी आल्यावर सोडली तर इतकं ठणकलं की परत बांधली. मग तशीच राहू दिली, झोपतानाही. आईसमोर मी ओढणी घेऊन फिरायचे.

आता यातला सगळ्यात मोठा मूर्खपणा ऐक. पट्टी सोडली की छाती दगडासारखी असायची आणि मला वाटायचं, सकाळपासून आत अडकलेलं हे दूध, एवढ्या उन्हात, नासलं असणार. आपण पातेल्यातलं विसरलेलं दूध देतो का बाळाला? म्हणून मी ते मोरीत पिळून टाकायचे आणि ताजं यायची वाट बघायचे. मुंगी मांडीवर तोंड उघडून पडलेली आणि मी तिला सांगतेय, थांब गं राणी, ताजं येतंय. ताजं यायचं ते दिवसेंदिवस कमी. मग उकळलेलं पाणी चमच्याने पाजायचे. ते ती पटापटा प्यायची आणि झोपायची.

डबे पलंगाखालीच होते. हात लांब केला की लागत होते. पण डबा उघडला म्हणजे तू जिंकलीस, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. माझ्या पोरीच्या पोटात काही नव्हतं आणि मी जिंकण्याहरण्याचा हिशोब करत होते. याबद्दल तू मला काय म्हणायचं ते म्हण, माझं स्वतःला त्याहून वाईट म्हणून झालंय.

काल तिसरा पेपर. निम्म्यावर दात वाजायला लागले. समोरच्या ओळी एकमेकींवर चढायला लागल्या. मी पेपर देऊन टाकला आणि भिंत धरत धरत घरी आले. आई मुंगीला घेऊन दारात उभी होती. म्हणाली, "ही हलकी कशी झाली गं? मी रोज ओल्या चादरी उचलते, मला वजन कळतं." मग तिने माझ्या कपाळाला हात लावला, शर्टाची वरची दोन बटणं सोडली आणि तिला तिचीच पट्टी दिसली. एका हातात मुंगी, दुसऱ्या हातात माझं मनगट, अशी आम्हाला आरोग्य केंद्रात घेऊन गेली.

वजन तीन किलो सहाशे. लशीच्या वेळेपेक्षा कमी. मला वाटलं, सिस्टर आता मुंगीला उचलून कुठेतरी देऊन टाकतील.

त्यांनी सगळं विचारलं. मी सगळं सांगितलं, मोरीपर्यंत.

"अगं बाई, दूध छातीत नासत नाही," त्या म्हणाल्या. "ते काय तू फडताळात ठेवलंयस? बाळ जितकं ओढेल तितकं येतं. तू दार बांधून ठेवलंस आणि वर म्हणतेस, कोणी येत नाही."

आई म्हणाली, "तसंही आमच्या घरात बायकांना दूध येत नाही हो. मला दोन्ही पोरींच्या वेळी आलं नाही."

"किती दिवस पाजलंत?"

आई पिशवीचा बंद पिळत राहिली. मग म्हणाली, "पाजायला घरी कोण होतं? कामावर जायचं होतं."

सिस्टर माझ्याकडे वळल्या. त्यांनी मला विचारलं, "घरात पावडर आहे का? आज तिच्या पोटात काहीतरी जायला हवं. तुझं वाढेपर्यंत ते द्यायचं, त्यात लाज कसली."

आई म्हणाली, "नाही, विकत आणते."

मी म्हणाले, "आहे. पलंगाखाली. सहा डबे."

आईने माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही. घरी परतताना मगच माझ्याशी बोलली. म्हणाली, "मी ताईला बोलावते. तू अजून स्वतःच लहान आहेस. घेऊन जाऊ दे तिला." मी रस्त्यात थांबले आणि ओरडले, नाही. लोक बघायला लागले. आई मुंगीला घेऊन पुढे चालत राहिली.

तुझा डबा उघडला, ताई. वाटी-चमच्याने पाजलं. तिने सगळं संपवलं, चमचा चाटला आणि माझ्याकडे बघून हसली. मला पहिल्यांदा हसली ती तुझ्या डब्यावर. लिहिते आहे कारण खोटं लिहून झालंय पुरेसं.

१५ मार्च

ताई,

तुझा निरोप आईकडून कळला. रविवारी, चोवीसला, तुम्ही दोघं येणार आणि मुंगीचं सामान बांधून ठेवायचं. त्याआधी वीसला लस आणि वजन आहे. म्हणजे फाशीची तारीखही आहे आणि तिच्याआधी निकालही. तू फोनवर रडत होतीस असं आई म्हणाली. मला वाटलं होतं ओरडशील. ओरडली असतीस तर भांडायला सोपं गेलं असतं.

औषधाने ताप उतरला. गाठ मात्र उजवीकडे आहे अजून, लिंबाएवढी. मला वाटलं त्या बाजूला आता पाजायचं नाही. सिस्टर म्हणाल्या, "त्याच बाजूला आधी पाजायचं." ताई, डोळ्यांसमोर काजवे चमकतात. मी उशीचा कोपरा दातात धरते आणि मुंगी माझ्याकडे बघत शांतपणे पीत राहते, जसं काही हिचा माझा काही संबंध नाही.

आम्हा पोरींना सिस्टर रोज केंद्रात बाकावर बसवतात, चौघी जणी, सगळ्या पहिलटकरणी, सगळ्यांत मोठी एकोणीस वर्षांची. एक आहे तिला मी बडबडी म्हणते. पाजताना, लंगोट बदलताना, झोपेतसुद्धा बोलत असणार ती. पहिल्या दिवशी माझ्याकडे बघून म्हणाली, "तू अशी वाकून बसलीस, तुझी पाठ जाईल आणि पोरीला निम्मंच मिळेल. तू नको जाऊस तिच्याकडे, तिला आण तुझ्याकडे." मला राग आला. दोन महिने मी पोरीवर धनुष्यासारखी वाकून बसतेय आणि ही मला शिकवणार! पण मग सिस्टरनीही तेच केलं. पाठीला उशी, मुंगीचं पोट माझ्या पोटाला. आधी तिची हनुवटी टेकवायची, तोंड मोठं उघडेपर्यंत थांबायचं आणि मग पटकन जवळ घ्यायचं. नुसतं टोक नाही द्यायचं, बाळ टोकावर चघळत बसतं, त्यानेच दुखतं आणि त्यानेच पोट भरत नाही.

तीनदा सुटलं. चौथ्यांदा लागलं. आणि मग आवाज आला. क्, थांबून परत क्. मी घाबरले, म्हटलं हिच्या घशात काही अडकलं. बडबडी चक्क गप्प बसली आणि मग हळूच म्हणाली, "गिळतेय ती." इतके दिवस तो आवाज मी ऐकलाच नव्हता. ती चोखायची आणि मी समजायचे, पितेय. मी त्या बाकावर हमसून हमसून रडले. बाकीच्या तिघीही रडल्या. एकीला तर कशासाठी रडतोय तेही माहीत नव्हतं.

आता शाळेचं. उरलेल्या पेपरांना पट्टी बांधायची नाही म्हटल्यावर मी म्हणाले, परीक्षाच नको. आईने ऐकून घेतलं आणि लाँड्रीतून परस्पर शाळेत गेली, अंगातला एप्रन न काढता, मुख्याध्यापिकांच्या खोलीत. काय बोलली ते सांगत नाही. पण काल पेपरच्या मध्यावर मला बाहेर सोडलं, पर्यवेक्षक बाई सोबत. खेळाच्या सामानाच्या खोलीत आई मुंगीला घेऊन बसलेली, हवा गेलेले चेंडू आणि फाटकी जाळी यांच्यामध्ये. तिथे पाजलं. बाई भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या, पण हलल्या नाहीत, मी कॉपी करू नये म्हणून. मुंगीच्या कानात मी उत्तरं विचारणार होते की काय! वर्गात परत गेले तर शर्टावर डाग होताच. बाटलीवाल्याने तोंड उघडलं. मी म्हटलं, "हो, सांडली. पुढे?" त्याने पेपरात डोकं घातलं.

हे सगळं वाचून तुला वाटेल, सुधारलं सगळं. तसं नाही. अजून दिवसातून तीन-चार वेळा डब्यातलं लागतं. दर वेळी चमचा तिच्या ओठांना लावताना मी वीस तारखेला किती दिवस उरले ते मोजते. आई सामान बांधत नाहीये, पण बांधू नको असंही म्हणत नाही.

धाकटी

२० मार्च

ताई,

भाऊजींच्या दुकानात माल आणणाऱ्या टेम्पोवाल्याच्या हाती हे देतेय. रविवारच्या आत मिळायला हवं.

चार किलो शंभर.

मी अट हरले. काटा दोनदा बघायला लावला, लंगोट काढून, परत घालून, सिस्टर वैतागल्या. आकडा तेवढाच. त्या म्हणाल्या, ज्या चालीने वाढतेय ती उत्तम आहे, दहा-बारा दिवसांत पाचशे ग्रॅम म्हणजे चेष्टा नाही. मी म्हटलं, साडेचार हवे होते. त्या म्हणाल्या, "कोणी सांगितलं?" मी म्हटलं, "ताईने." त्यांनी विचारलं, तुझी ताई डॉक्टर आहे का. मी म्हटलं, नाही, तिला बाळ हवंय. मग त्यांनी मुंगीला कपड्यात गुंडाळून माझ्याच हातात दिलं.

खोटं काही ठेवायचं नाही, म्हणून हेही लिहिते. संध्याकाळी एकदा अजून डब्यातलं लागतं. गाठ विरघळली. एक पेपर माझा बुडालाच, तो पुढच्या वेळी देईन. केंद्रातून येताना आईने मुंगीला स्वतःकडे घेतलं आणि घर येईपर्यंत तिच्याशी बोलत राहिली. मला वाटलं काहीबाही बोलतेय. जवळ गेले तर म्हणत होती, "तुझ्या आईला येतं हो दूध. आमच्या घरात येतं." मग मला म्हणाली, "ताईला मी बोलावलं होतं, मीच सांगते तिला येऊ नको म्हणून." मी म्हटलं, नको. तिला येऊ दे.

म्हणून सांगते, रविवारी ये. सामान बांधलेलं नसेल. मी हो म्हटलं होतं आणि ते मोडतेय, मी, माझ्या तोंडाने. तुमच्या त्या खोलीतला पाळणा रिकामा राहील आणि तो मी रिकामा ठेवला, हे मला जन्मभर टोचणार आहे. तू दहा वर्षं थांबलीस आणि मला नको असताना झालं, यात न्याय नाही. पण न्याय म्हणून पोर देता येत नाही, ताई. मी प्रयत्न करून बघितला, मनातल्या मनात तिला तुझ्या गाडीत बसवून. गाडी कोपऱ्यापर्यंतही गेली नाही, माझी छाती भरून आली, खरोखरची, शर्ट बदलावा लागला.

तू येशील तेव्हा ती बहुतेक पीतच असेल, कारण ती सदानकदा पीत असते. दारात उभी राहून भांडायला सुरुवात करू नकोस, ती दचकते. आत ये. माझ्याशेजारी बस. भाऊजींना आई चहा देईल. तिचं होईपर्यंत थांब. मग मी तिला तुझ्याकडे देईन. खांद्यावर आडवी नको घेऊस, उभी घे आणि पाठीवरून हात फिरव. ते मला अजून जमत नाही. माझ्या खांद्यावर ती झोपून जाते आणि मग सगळं ओकते. आई धपाधपा थापटते. तुझा हात हळू आहे. माझा ताप तूच उतरवायचीस तो हात फिरवून.

ढेकर निघाली की मला परत दे. दुसऱ्या बाजूचं राहिलेलं असतं.

तुझी धाकटी